शाळेत माणूस घेताना: पोलीस दाखल्याच्या आधी आणि नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या उपनगरातली विनाअनुदानित शाळा, बालवाडी ते दहावी. तुम्ही मुख्याध्यापिका म्हणून नव्यानं सूत्रं घेतली आहेत. जूनमध्ये शाळा भरायच्या आत गणिताच्या एक बाई, एक क्रीडाशिक्षक, दोन शिपाई आणि बसवर एक मदतनीस घ्यायचा आहे. पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला घेतला की पुरे का? आणि क्रीडाशिक्षक अध्यक्षांच्या ओळखीचे आहेत, याआधी निपाणीकडच्या एका शाळेत होते, तर त्यांच्याकडे कागद मागायचे कोणत्या तोंडानं?

शेवटापासून सुरुवात करतो, कारण खरी अडचण तिथंच आहे. मी ३१ वर्षं शाळेत काढली, त्यातली १२ मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. आता निवृत्तीनंतर दोन-तीन संस्था मुलाखतीला बोलावतात म्हणून जातो. या सगळ्या काळात मुलाखतीच्या टेबलावर सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, “सर, आपल्यातलाच हाय ओ पोरगा, कागद कशाला?” पेठेतला, तालमीतला, भावकीतला. हे शहर विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणवतं. १९०१ पासून शाहू महाराजांनी इथं एकेक बोर्डिंग उभं केलं आणि खेड्यातल्या आईबापांनी पोरं शहरात पाठवली ती कुणाच्या तरी शब्दावरच. त्यामुळं ओळखीवर भरवसा ठेवणं आपल्या अंगात मुरलंय, आणि एरवी त्यात वाईट काही नाही. पण ओळखीवरून माणूस कुणाचा, कुठला एवढंच समजतं. दार लावलेल्या खोलीत सातवीच्या पोरासमोर तो कसा वागतो, ते त्याच्या मामालाही ठाऊक नसतं. आणि मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हाती आपण पोर देतच नाही.

तेव्हा मागायचं कसं? तुम्ही एकट्यानं मागूच नका. आधी संस्थेच्या सभेत ठराव करून घ्या: शाळेत पगारी, मानधनावर, तासिका तत्त्वावर किंवा ठेकेदारामार्फत येणाऱ्या प्रत्येकाचे अमुक कागद पूर्ण झाल्याशिवाय रुजू करून घेतलं जाणार नाही. त्यावर पहिली सही अध्यक्षांची. मग त्यांच्या माणसाला अर्ज देताना तुम्हाला काही बोलावंच लागत नाही, ठराव बोलतो. मी एका संस्थेत असं केलं तेव्हा अध्यक्ष आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. चालतं.

कायद्याचा आधार भक्कम आहे, तोही ठरावात लिहा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, त्याचे नवे नियम २०२० चे. त्यातल्या नियम ३ मध्ये सरळ म्हटलंय की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी, म्हणजे शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या या सगळ्यांनी, शिक्षक असो की शिक्षकेतर, कायम असो की कंत्राटी, प्रत्येकाची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळानं करायची. ‘ठरावीक काळानं’ हे शब्द नीट वाचा. नोकरीला लागताना एकदा दाखला जोडला आणि फाईल कपाटात गेली, एवढ्यानं भागत नाही. किती वर्षांनी ते नियमात दिलेलं नाही; मी दर तीन वर्षांनी करायला सांगतो. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं २१ ऑगस्ट २०२४ ला शासन निर्णय काढला, त्यातही नेमणुकीआधी पार्श्वभूमी तपासणं आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेणं आलं आहे. सहावीपर्यंतच्या वर्गांसाठी शक्यतो महिला कर्मचारी घ्या, असंही त्यात आहे. याचा अर्थ काही संस्थांनी ‘बाई आहेत, मग तपासायचं कशाला’ असा लावला. तसं करू नका. गणिताच्या बाईंनाही तोच अर्ज, तेच कागद.

आता दाखल्याविषयी. कोल्हापूर जिल्ह्यात अर्ज ऑनलाइन करायचा, संबंधित पोलीस ठाणं चौकशी करतं आणि दाखला पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून येतो. तो घ्याच. पण त्यावर काय लिहिलेलं असतं ते एकदा शांतपणे वाचा. अमुक पत्त्यावरच्या अमुक नावाच्या इसमाविरुद्ध आजच्या तारखेला अभिलेखावर काही आढळत नाही, इतकाच त्याचा अर्थ. जी तक्रार पोलिसांपर्यंत गेलीच नाही ती त्यात कुठून येणार? गावच्या पंचांनी बसून मिटवलेलं प्रकरण, संस्थेनं राजीनामा घेऊन झाकलेलं प्रकरण, बदनामी नको म्हणून आईबापांनी गिळलेला अपमान, यातलं काहीच अभिलेखावर नसतं. आपल्याला भीती नेमकी त्याचीच असते.

शिवाय आपला जिल्हा सीमेवरचा. कागल ओलांडलं की निपाणी, गडहिंग्लजपुढं संकेश्वर. माणसं रोज इकडून तिकडं नोकरीला जातात. उमेदवार गेली सहा वर्षं निपाणीत राहत असेल आणि अर्जात मुरगूडचा घरचा पत्ता देत असेल, तर मुरगूडच्या ठाण्याचा दाखला स्वच्छ येणारच. म्हणून मी अर्जात गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते मागतो आणि कर्नाटकात राहिला असेल तर तिथल्या पोलिसांचा वेगळा दाखला. याला पंधरा दिवस जास्त लागतात, कधी महिना. म्हणून भरती एप्रिलमध्ये सुरू करा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भरती काढणारी शाळा तपासणी करत नाही, करूच शकत नाही.

नाव हाही असाच एक मुद्दा. लग्नानंतर बदललेलं, गॅझेटमध्ये बदललेलं, कर्नाटकातल्या कागदावर आद्याक्षरांनी लिहिलेलं आणि आपल्याकडं आडनावानं. आजवर वापरलेली सगळी नावं अर्जात लिहून घ्या आणि ती शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ताडून पाहा. यावर इंग्लंडनं फार मोठी किंमत मोजली आहे. २००२ मध्ये सोहम नावाच्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयान हंटली तिथल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. दुसऱ्या भागात राहत असताना त्याच्याविरुद्ध लैंगिक गुन्ह्यांच्या तक्रारी एकामागून एक झाल्या होत्या, पण एकीतही शिक्षा झाली नव्हती. नोकरीचा अर्ज त्यानं निक्सन या नावानं केला. पोलिसांची पडताळणी झाली होती बरं का, झाली नव्हती असं नाही. पुढं बिचर्ड चौकशी समितीचा अहवाल २००४ मध्ये आला, त्यात पोलिसांच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धतीवर कोरडे ओढलेच, पण शाळेनं आधीच्या नोकऱ्यांमधली रिकामी वर्षं विचारली नाहीत आणि शिफारसपत्रं जशीच्या तशी मान्य केली, हेही नोंदवलं. तिथं आता मुलांसोबत काम करायला बंदी असलेल्या माणसांची यादी असते आणि शाळांना ती तपासावीच लागते. आपल्याकडं लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदणी २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते, तुम्हाला-मला नाही. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं जिल्हावार शोधता येतं, ते मी करतो. पण कोल्हापूर जिल्ह्यात एकाच नावाचे पाटील किती निघतील याचा अंदाज तुम्हाला आहेच. तिथं नाव सापडलं तर तो निष्कर्ष समजू नका, उमेदवाराला समोर बसवून विचारण्याचा प्रश्न समजा.

आणि गुन्हा दाखल आहे म्हणून लगेच फुली मारू नका. शिरोळ-हातकणंगल्याकडचा तरुण असेल तर ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा नावावर असणं काही नवल नाही. असा एक विज्ञानशिक्षक मी स्वतः घेतला, फार चांगला निघाला. कसला गुन्हा, कधीचा, मुलांच्या किंवा बायकांच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध आहे का, आणि त्यानं तो अर्जात आपणहून सांगितला का, हे चार प्रश्न. चौथा सगळ्यात महत्त्वाचा. म्हणून अर्जासोबत स्वयंघोषणापत्र घ्या: गुन्हा दाखल आहे का, कुठल्या संस्थेत चौकशी झाली का, चौकशी चालू असताना नोकरी सोडली का. माहिती खोटी निघाल्यास सेवा संपवता येईल, हे वाक्य घोषणापत्रातही हवं आणि नियुक्तिपत्रातही. पुढं काही निघालंच, तर हा कागद हाताशी असलेला बरा.

बायोडेटा घेऊ नका, असं मी प्रत्येक संस्थेला सांगतो. बायोडेट्यात माणूस त्याला हवं तेवढं लिहितो. शाळेचा स्वतःचा छापील अर्ज ठेवा, त्यात वर्षवार तक्ता: या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत कुठं, काय, का सोडलं. २०१९ ते २०२१ रिकामं असेल तर विचारा. नव्वद टक्के वेळा उत्तर साधं असतं, आईचं आजारपण, कोरोनात शाळा बंद, स्पर्धा परीक्षा. उरलेल्या वेळा उमेदवार पाण्याचा पेला उचलतो.

पदवी आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हा वेगळा विषय, त्यात फार शिरत नाही. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून देण्याचा घोटाळा उघडकीला आला आणि हजारो उमेदवारांवर कारवाई झाली, तेव्हापासून मी मूळ प्रमाणपत्र पाहिल्यावरही परीक्षा परिषद किंवा विद्यापीठाकडून खात्री करून घेतो. झेरॉक्सवर सही-शिक्का मारून पुढं सरकू नका, एवढंच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडं येतो: आधीच्या शाळेला फोन. अनुभवाच्या दाखल्यावर ‘त्यांची वर्तणूक समाधानकारक होती’ ही ओळ असतेच. ती ओळ काय लायकीची असते हे मला माहीत आहे, कारण ती मी स्वतः लिहिली आहे.

गोष्ट पॉक्सोच्या आधीची. मी मुख्याध्यापक होऊन दोनच वर्षं झाली होती. दोन मुलींच्या आया एकाच आठवड्यात आल्या. एक सर वही तपासायच्या निमित्तानं मुलींना शाळा सुटल्यावर थांबवतात, मुलींना ते नको वाटतं, घरी येऊन रडतात. याहून जास्त त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. संस्थेत कळवलं. तिथून निरोप आला, राजीनामा घ्या आणि विषय संपवा, शाळेचं नाव जाईल. सरांनी राजीनामा दिला, जाताना अनुभवाचा दाखला मागितला. मी तीच ओळ लिहिली, सही केली. त्यांनी हात जोडून नमस्कार केला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात दुसऱ्या तालुक्यातले एक मुख्याध्यापक चहाच्या रांगेत माझ्यामागं उभे होते. त्यांनी माझ्या शाळेचं नाव विचारलं, आणि मग म्हणाले, “तुमच्या दाखल्यावर आम्ही त्यांना घेतलं हो.” पुढं काही बोलले नाहीत. मी चहा न घेताच बाहेर आलो. त्या काळी असा कायदा नव्हता, पण माझ्या टेबलावर फोन होता आणि त्यांच्याही.

म्हणून सांगतो, दाखल्यावर विसंबू नका, फोन करा. उमेदवारानं दिलेल्या मोबाइल नंबरवर करू नका; तो त्याच्या मेव्हण्याचाही असू शकतो. शाळेचा नंबर स्वतः शोधून काढा, मुख्याध्यापकांशीच बोला, आणि फक्त शेवटच्या नाही, शेवटच्या दोन शाळांशी. ‘माणूस कसा आहे?’ असं विचारलं की ‘चांगला आहे’ हे उत्तर ठरलेलं. मी असं विचारतो: त्यांनी नोकरी का सोडली? त्यांच्याबद्दल पालकांची किंवा मुलांची कधी काही तक्रार आली होती का, तोंडी सुद्धा? मुलांना एकटं थांबवणं, घरी बोलावणं, मोबाइलवर बोलणं यावरून त्यांना कधी सांगावं लागलं का? आणि शेवटी, उद्या जागा निघाली तर तुम्ही त्यांना परत घ्याल का? या शेवटच्या प्रश्नावर जो माणूस लगेच ‘हो, आजच पाठवा’ म्हणतो तिथं फोन ठेवावा. जो ‘तसं काही नाही, पण…’ म्हणून थांबतो तिथं तुम्हीही थांबा, गप्प राहा. आपल्या माणसांना फोनवरची शांतता सोसत नाही, पुढचं आपोआप येतं. एकदा एक गृहस्थ म्हणाले, “सर, फोनवर नको, इकडं आलात की भेटा.” मी गेलो. जाण्यायेण्याचे पैसे फिटले.

बोलणं झालं की तारीख, वेळ, कुणाशी बोललो, काय म्हणाले, हे एका वहीत लिहायचं. एकच वही, सगळ्या कर्मचाऱ्यांची. कोणाचा कुठला कागद आला, कधी पाहिला, मूळ कुणी पाहिलं. ती तुमच्या कपाटात कुलपात. कारकुनाच्या टेबलावर नको. कुणाच्या घरची काय अडचण हे गावभर व्हायला नको.

मुलाखत एकट्यानं घेऊ नका, दोघं-तिघं बसा, त्यात एक तरी बाई असू द्या. विषयाचं ज्ञान, पाठ घेऊन पाहणं हे नेहमीचं होईलच. त्यात दोन-तीन प्रसंग घाला. ‘आठवीतली मुलगी रात्री दहाला तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिते, सर मला घरी राहायचं नाही, कुणाला सांगू नका. काय कराल?’ चांगला शिक्षक इथं अडखळतो, विचार करतो, मग म्हणतो की मी मुख्याध्यापकांना सांगीन, कुणाला सांगणार नाही असं वचन तिला देता येणार नाही. मला हे अडखळणं आवडतं. ‘मुलं माझ्याशी मित्रासारखी वागतात, माझ्याजवळ सगळं बोलतात, घरी पण येतात’ असं छाती काढून सांगणारा उमेदवार मला सावध करतो. त्यावरून तो वाईट ठरत नाही, पण मग मी आणखी चार प्रश्न विचारतो. क्रीडाशिक्षकांना तर नक्की विचारा: मुलींना पकड किंवा उडी शिकवताना हात लावायची वेळ येते तेव्हा काय करता? जखम झाली तर मालिश कोण करतं, कुठं करतं? स्पर्धेला परगावी गेलात तर कोण कुठल्या खोलीत झोपतं? कोल्हापुरात तालमी आणि फुटबॉलचे संघ गल्लोगल्ली आहेत, आणि वस्ताद म्हणजे देवाच्या जागी. तिथला हा मोकळेपणा शाळेच्या मैदानावर तसाच येतो. क्रीडाशिक्षकांनी हे प्रश्न मनावर घेतले तर काळजी करू नका. चांगल्या कोचला यातलं बरंचसं आधीच ठाऊक असतं.

शिपाई आणि बसच्या मदतनिसाबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, पण बदलापूरला काय झालं ते आठवा. ऑगस्ट २०२४ मध्ये बालवाडीतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचा गुन्हा ज्याच्यावर दाखल झाला, तो सफाई कर्मचारी होता, कंत्राटावर आलेला, आणि शाळेत येऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. लोक रेल्वे रुळांवर उतरले ते त्यानंतर. वेळेत पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या लोकांवरही गुन्हा दाखल झाला. ठेकेदाराशी करार करताना दोन गोष्टी लिहून घ्या: येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फोटो, पत्ते आणि पडताळणी आधी शाळेकडं, आणि कागद नसलेला बदली माणूस फाटकाच्या आत येणार नाही, मग त्या दिवशी झाडलोट नाही झाली तरी चालेल. आमच्या एका संस्थेत मावशी रजेवर गेल्या की त्यांचा दीर यायचा. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. बसवर मुली असतील तर महिला मदतनीसच घ्या, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत ती बसमध्ये हवी. शेवटचं मूल आणि ड्रायव्हर असे दोघंच उरू नयेत. पालकांनी ठरवलेले रिक्षावाले काका तुमचे कर्मचारी नाहीत, त्यांची पडताळणी तुमच्या हातात नाही. पण फाटकावर कोण मूल नेतं याची यादी तुमच्या हातात आहे.

सगळं करूनही एखादा माणूस चुकीचा येईल. म्हणून पहिले तीन महिने नवा माणूस मुलांसोबत एकटा राहील अशी वेळच येऊ देऊ नका, आणि रुजू झाल्या दिवशी शाळेचं बालसंरक्षण धोरण वाचून दाखवून सही घ्या. तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती हे कागदावर सगळीकडं आहे. पेटीची किल्ली कुणाकडं आहे ते विचारून पाहा, बऱ्याच गोष्टी कळतील. आणि तक्रार आलीच, तर आधी आपण चौकशी करू, मग पोलिसांना सांगू, असं करायचं नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. राजीनामा घेतला तरी ही जबाबदारी संपत नाही. मुलाला मदत हवी असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहेच.

तुमच्या क्रीडाशिक्षकांचं म्हणाल, तर अध्यक्षांना ठरावाची प्रत उद्याच पाठवा, आणि अर्ज त्यांच्याच हातून जाऊ द्या. मग त्या निपाणीकडच्या शाळेचा लँडलाइन नंबर शोधा. सकाळी अकराच्या सुमारास लावा, परिपाठ आणि हजेरी उरकलेली असते, मुख्याध्यापक जागेवर सापडतात. कन्नड येणारं कुणी शेजारी बसवा, लागलं तर.